डी.डी.टी.चा धडा आणि घराघरांतले जंतुनाशक

(रसायनी-मोहोपाडा परिसरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रसायनांवरून ज्याचे नाव पडले असे दुसरे गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. १९६० साली केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली आणि खालापूर तालुक्यातील भातशेतीच्या पट्ट्यात तिचा कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यामागे एक सुसंगत विचार होता. औषधे, रंग आणि रबर यांच्या कारखान्यांना लागणारी मूलभूत सेंद्रिय रसायने परदेशांतून आणावी लागू नयेत, असा तो विचार. बोरघाट चढून पलीकडे गेले की पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना पेनिसिलिन बनवीत होता. त्याच वर्षी हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी निघाली. तिने प्रथम दिल्लीत डी.डी.टी. बनविली आणि पुढे रसायनीतही तिचे डी.डी.टी.चे उत्पादन अनेक वर्षे चालले. जंतूंसाठी पेनिसिलिन, डासांसाठी डी.डी.टी. आणि दोहोंच्या पाठीशी रसायनांचा पायाभूत उद्योग, अशी ती मांडणी होती. रोगराईतून दरिद्री माणसाची सुटका करण्याचे साधन नफ्याच्या हिशेबावर अवलंबून असू नये, हे सूत्र त्या काळी राज्यकर्त्यांनाही मान्य होते. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑरगॅनिकचे रसायनीतील तोट्यातले विभाग बंद करण्याचा आणि जमीन विकण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणाच्या इंधनासाठी लागणारे एक रसायन बनविणारा विभाग तेवढा अवकाश संशोधन संस्थेसाठी वेगळा ठेवण्यात आला. त्या निर्णयाची चिकित्सा हा निराळा विषय आहे. आजच्या विषयासाठी महत्त्वाची आहे ती या गावात तयार झालेल्या एका पांढऱ्या भुकटीची कथा.

डी.डी.टी.चे कीटकनाशक गुण पाउल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानात १९३९ साली आले आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात तिचा मोठ्या प्रमाणावरील पहिला नियोजित वापर जुन्या मुंबई इलाख्यातच झाला. कारवार आणि धारवाड या हिवतापाने पोखरलेल्या जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली १९४६ च्या सुमारास घराघरांच्या भिंतींवर फवारणी सुरू झाली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी माणसे हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाखांच्या आसपास मृत्युमुखी पडत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आला आणि १९५८ साली त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखापर्यंत खाली आली. इतक्या थोड्या खर्चात इतका मोठा सामाजिक लाभ देणारी दुसरी योजना शोधावी लागेल. आणि नंतर हा आलेख उलटला. १९७६ साली देशात हिवतापाचे ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

असे का झाले, याचे उत्तर एकपदरी नाही. निर्मूलन जवळ आले या समजुतीने निधी आखडला गेला, फवारणी वेळेवर झाली नाही, शहरांकडे दुर्लक्ष झाले. पण एक कारण असे होते की त्याची दखल अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही घ्यावी. आपल्या ग्रामीण भागात हिवताप पसरविणारा मुख्य डास १९५० चे दशक संपण्यापूर्वीच काही ठिकाणी डी.डी.टी.ला जुमानेनासा झाला होता. १९८१ मध्ये चॅपिन आणि वासरस्ट्रॉम या दोघांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मध्य अमेरिका आणि भारत यांची तुलना करून असे दाखविले की, जेथे नगदी पिकांवर, विशेषतः कापसावर, कीटकनाशकांचा मारा वाढला तेथे डासांतील प्रतिरोधही फोफावला आणि हिवताप परतला. म्हणजे घराच्या भिंतीवर सरकारने मोजून मारलेली भुकटी एका बाजूस, आणि शेतमालाच्या बाजारासाठी रानोमाळ उधळलेली तीच भुकटी दुसऱ्या बाजूस. दुसऱ्या वापराने पहिला वापर निकामी केला. शेतीतील डी.डी.टी.वर भारतात बंदी आली ती १९८९ साली. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

या कथेतला आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. डास डी.डी.टी.ला दोन मार्गांनी दाद देईनासा होतो. एक तर तो ते विष शरीरात फोडून निरुपद्रवी करतो. नाही तर मज्जातंतूवरील ज्या जागी ते विष घाव घालते, त्या जागेची रचनाच बदलते. ज्या डासांत ही जागा बदललेली असते त्यांच्यावर पायरेथ्रॉइड नावाच्या नव्या औषधांचाही प्रभाव कमी पडतो, कारण त्यांचा घाव त्याच जागी बसतो. पायरेथ्रॉइड ही औषधे त्या डासांच्या पूर्वजांनी कधी पाहिलेलीही नसतात. एका शस्त्राच्या उधळपट्टीने दुसरे, अजून म्यानातच असलेले शस्त्रही बोथट होऊ शकते.

जंतुनाशकांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना हीच भीती वाटते.

जंतुनाशके आणि प्रतिजैविके यांत सर्वसाधारण माणूस फरक करीत नाही, पण तो करावा लागतो. प्रतिजैविक पोटात किंवा रक्तात जाते. ते जिवाणूच्या एका विशिष्ट मर्मावर घाव घालते, म्हणूनच माणसाला फारशी इजा होत नाही. जंतुनाशक लावायचे ते लादीवर, उपकरणावर, हातावर. ते जिवाणूवर एकाच वेळी अनेक अंगांनी तुटून पडते. म्हणूनच दीर्घकाळ असे मानले गेले की जंतुनाशकाला प्रतिरोध निर्माण होणे जवळजवळ अशक्य आहे: एका कुलपाची दुसरी किल्ली कोणी बनवील, पण घणाला कोणती किल्ली पुरणार? व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू कमालीचे घटले. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली कार्बोलिक आम्लाच्या वापरावरील आपले निबंध प्रसिद्ध केले आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. या दोन घटनांचे ऋण कोणीही नाकारू नये. जंतुनाशकांविरुद्ध बोलायचे म्हणजे अस्वच्छतेची तरफदारी करायची असा अर्थ कोणी काढील, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

क्लोरिन आणि अल्कोहोल यांच्या बाबतीत घणाची उपमा बव्हंशी खरी आहे. ती आपले काम उरकतात आणि विघटन पावून वा उडून जातात. परंतु १९३५ साली गेर्हार्ड डोमाक यांनी प्रचारात आणलेल्या बेंझाल्कोनियम क्लोराइडसारख्या चतुर्थक अमोनियम संयुगांची गोष्ट वेगळी आहे. क्लोरहेक्सिडिनची आणि ट्रायक्लोसानचीही तशीच. ही द्रव्ये पृष्ठभागावर, गटारात, नदीच्या गाळात दीर्घकाळ अल्प प्रमाणात टिकून राहतात. पूर्ण मात्रेत ती घण असतात, पण विरळ झाली की त्यांची तालीम होते. तालमीत पहिलवान मरत नाही, तयार होतो.

ही तयारी होते कशी? जिवाणूच्या कवचात काही पंप असतात. आत शिरलेले विषारी द्रव्य बाहेर फेकणे हे त्यांचे काम. हा पंप फारसा निवडक नसतो. बेंझाल्कोनियम असो की टेट्रासायक्लिन, त्याच्या लेखी दोन्ही नकोशी पाहुणी. विरळ जंतुनाशकात तेच जिवाणू तगतात ज्यांचे पंप अधिक आहेत वा अधिक जोराने चालतात, आणि मग त्या पंपाचा लाभ त्यांना प्रतिजैविकाविरुद्धही मिळतो. दुसरा मार्ग शेजाराचा. जिवाणूंमध्ये प्लास्मिड नावाचे जनुकांचे गाठोडे एका पेशीतून दुसरीत जाते. चतुर्थक अमोनियमला दाद न देणारे जनुक आणि सल्फा औषधाला दाद न देणारे जनुक ही दोन्ही रुग्णालयातील अनेक जिवाणूंत एकाच जनुकमालिकेत लागून बसलेली आढळतात. लादी पुसण्याच्या द्रव्याने त्यांतले एक निवडले की दुसरे आपोआप निवडले जाते. त्या वॉर्डात सल्फाची एकही गोळी कोणी घेतली नसली तरी.

तिसरा मार्ग मर्मस्थानाचा, आणि तो महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगा आहे. ट्रायक्लोसान हे साबणात, टूथपेस्टमध्ये, अगदी कापडातही घातले गेलेले द्रव्य. तेही अनेक अंगांनी मारते असेच मानले जाई. १९९८ साली बोस्टनच्या स्टुअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की अल्प प्रमाणात ते जिवाणूच्या स्निग्ध पदार्थ बनविणाऱ्या एका विशिष्ट विकरावर घाव घालते. पुढच्याच वर्षी क्षयाच्या जंतूच्या एका निरुपद्रवी भावंडावर प्रयोग होऊन असे दिसले की त्या विकराच्या जनुकातील काही बदल ट्रायक्लोसान आणि आयसोनियाझिड या दोहोंना एकदम निष्प्रभ करू शकतात. आयसोनियाझिड हे क्षयावरील पहिल्या फळीचे औषध. ज्या राज्याच्या राजधानीत बहुतेक सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण आढळल्याचे हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस जगापुढे ठेवले, त्या राज्यात हा तपशील नुसता ज्ञानकण म्हणून सोडून देता येत नाही. अर्थात साबणामुळे क्षय बळावला असा पुरावा नाही, आणि तसे कोणी सांगत सुटू नये.

२०१७ साली इंग्लंडमधील संशोधकांनी न्यूमोनिया आणि रक्तदोष निर्माण करणारा क्लेब्सिएला हा जिवाणू क्लोरहेक्सिडिनच्या वाढत्या मात्रांत वाढविला. काही वंश क्लोरहेक्सिडिनला तर सरावलेच, पण त्यांच्यावर कोलिस्टिनचाही परिणाम होईनासा झाला. कोलिस्टिन म्हणजे सारे उपाय थकल्यावर वापरण्याचे औषध. भारत सरकारने २०१९ साली कोंबड्या-जनावरांच्या खाद्यातील त्याच्या वापरावर बंदी घातली, ती ते माणसांसाठी शिल्लक राहावे म्हणून. अल्कोहोलही अगदीच निःशंक राहिले नाही. ऑस्ट्रेलियातील रुग्णालयांतून १९९७ ते २०१५ या काळात गोळा केलेल्या एका जिवाणूच्या नमुन्यांत, नंतरच्या वर्षांतले वंश विरळ अल्कोहोलमध्ये अधिक तग धरतात असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. पूर्ण तीव्रतेच्या अल्कोहोलची गोष्ट ही नव्हे, विरळ अल्कोहोलची आहे. सारा प्रश्न या ‘विरळ’ शब्दाभोवती फिरतो.

जंतुनाशक विरळ होते कुठे आणि का, हा प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात सुटत नाही. तो मजुरीच्या आणि कंत्राटाच्या कागदात सुटतो. वॉर्डातील सफाईचे काम कंत्राटदाराकडे गेले, कंत्राट सर्वांत कमी दराच्या निविदेला मिळाले, आणि त्या दरात कामगारांचे किमान वेतनही बसत नसले, की बचत होते ती बादलीत. फिनाईलचे एक झाकण घालायचे तेथे पाव झाकण पडते. सकाळी केलेले द्रावण संध्याकाळपर्यंत चालवले जाते. तेच फडके, तेच पाणी, एका खाटेखालून दुसऱ्या खाटेखाली. काम करणाऱ्या बाईला या द्रव्याचे प्रमाण काय असावे, ते लादीवर किती मिनिटे ओले राहिले पाहिजे, हे कोणी सांगितलेले नसते, हातमोजे दिलेले नसतात. आणि दोष मात्र तिच्या माथी येतो. लोबरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५१ सालीच दाखवून दिले होते की सेट्रिमाइड या जंतुनाशकाच्या द्रावणात स्यूडोमोनास हा जिवाणू सुखाने राहू शकतो. पाऊणशे वर्षे होत आली. जंतू मारण्याच्या बाटलीतूनच जंतू पसरल्याच्या घटना त्यानंतरही निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांत वारंवार नोंदल्या गेल्या.

विरळीकरणाची दुसरी जागा नदी. पाताळगंगा बारमाही वाहते ती मुख्यतः माणसाच्या करणीने. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खोपोलीला उतरवून १९१५ साली टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले. वीज काढून घेतलेले ते पाणी या नदीत सोडले जाते, आणि त्या शाश्वत पाण्याच्या भरवशावर येथील औद्योगिक वसाहत उभी आहे. नदीकाठच्या गावांचे, बाजारपेठांचे, वसाहतींचे न्हाणीघराचे पाणीही अखेर त्याच पात्राची वाट धरते. त्यात फिनाईल आहे, साबण आहे आणि माणसाच्या आतड्यातून आलेले जिवाणूही आहेत. प्रतिजैविकांचा अंश, जंतुनाशकांचा अंश आणि त्यांना सरावलेले जंतू या तिघांची गाठ सांडपाण्यात पडते, म्हणून शास्त्रज्ञ सांडपाण्याला प्रतिरोधाचा बाजार मानतात. हैदराबादजवळील पाटनचेरू येथील सामुदायिक सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या ‘शुद्ध’ पाण्यात स्वीडिश संशोधकांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. हे २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशावर मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गळलेल्या होत्या. दोन कागदांच्या मधल्या दीड वर्षात कोणाचे वजन कोणत्या पारड्यात पडले, याचा तर्क श्रोत्यांनीच करावा.

आता एक आक्षेप. प्रयोगशाळेतील बशीत जे घडते ते घरात आणि वॉर्डात घडतेच असे नाही, असे काही जाणकार म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने २००९ साली या प्रश्नाचा आढावा घेतला तेव्हा जंतुनाशकांच्या वापराचा प्रतिजैविक-प्रतिरोधाशी संबंध असण्याची शक्यता तिने मान्य केली, पण प्रत्यक्ष वापराची आकडेवारी आणि क्षेत्रीय पुरावा अपुरा असल्याचेही नमूद केले. प्रतिरोध वाढविण्यात पहिला वाटा प्रतिजैविकांच्या गैरवापराचाच आहे, याविषयी दुमत नाही: चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या गोळ्या, अर्धवट सोडलेला उपचार, कोंबड्यांचे खाद्य. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले आणि त्यांतले सुमारे तीन लाख भारतात, असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. जंतुनाशकांचा वाटा यात किती, हे वेगळे काढून सांगता येत नाही. तो दुय्यम असेल. परंतु डी.डी.टी.च्या बाबतीतही कापसाच्या शेतातील फवाऱ्याचा वाटा तेव्हा कोणी मोजला नव्हता. पुरावा पुरा होईपर्यंत थांबायचे की नाही, हे थांबण्याची किंमत कोण मोजणार यावर ठरावे. आणि ज्या वापरातून काहीच लाभ नाही, तो थांबविण्यासाठी फार मोठा पुरावा लागू नये.

लाभ आहे की नाही, याची तपासणी झालेली आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील गरीब वस्तीतल्या २३८ कुटुंबांना जवळजवळ वर्षभर एकतर जंतुनाशकयुक्त नाही तर साधी साफसफाईची द्रव्ये देण्यात आली. सर्दी, ताप, जुलाब यांच्या प्रमाणात फरक पडला नाही, हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याहून बोलका प्रयोग कराचीचा. तेथील झोपडपट्ट्यांतील कुटुंबांना साबण आणि हात धुण्याचे शिक्षण दिले गेले. काहींना जंतुनाशक घातलेला साबण, काहींना साधा. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष असे की मुलांमधील जुलाब आणि न्यूमोनिया दोन्ही निम्म्यावर आले. दोन्ही साबणांत फरक शून्य. मुले वाचली ती साबणाने, पाण्याने आणि हात धुण्याच्या सवयीने. त्यावर छापलेल्या ढालीच्या चित्राने नव्हे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये घरगुती जंतुनाशक साबणांतून काढायला लावली, कारण ही द्रव्ये साध्या साबणापेक्षा अधिक गुणकारी आहेत हे उत्पादकांना सिद्ध करता आले नाही.

मग ही द्रव्ये खपतात कशी? भीतीवर. ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ ही घोषणा कोणत्याही दुकानात वाचायला मिळते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा हिशेब येईल: दहा कोटी जंतूंतले ९९.९ टक्के मेले तरी एक लाख उरतात, आणि पोषक परिस्थितीत त्यांची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. त्या लाखातले पुष्कळसे निव्वळ नशिबाने वाचलेले असतील. सगळेच नसतील. नळाला दिवसाआड पाणी येते, शौचालय सामायिक आहे, गटार उघडे आहे, ही परिस्थिती कुटुंबाने एकट्याने बदलता येत नाही. बाटली मात्र एकट्याने विकत घेता येते. सार्वजनिक सेवेची उणीव खासगी वस्तूने भरून काढण्याचा हा व्यवहार आहे आणि त्यात गरिबाचा पैसा श्रीमंतापेक्षा अधिक प्रमाणात जातो. के. विल्यम काप यांनी १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाविषयी जे प्रतिपादन केले त्याचे याहून चपखल उदाहरण मिळणार नाही. बाटलीच्या किमतीत सुगंध आहे, जाहिरात आहे, विक्रेत्याचे कमिशन आहे. दहा वर्षांनी एखाद्या बाळंतिणीवर निरुपयोगी ठरणाऱ्या इंजेक्शनची किंमत त्यात नाही. औषधाचा गुण टिकणे ही गावाच्या गायरानासारखी सामाईक मालमत्ता आहे. गायरानाला निदान हद्दीचे दगड तरी असतात.

२०२० साली करोनाच्या साथीत हे सारे एका वर्षात, उघड्यावर, दिसले. मार्चअखेर उत्तर प्रदेशातील बरेली येथे शहरांतून पायी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर क्लोरिनचे द्रावण फवारण्यात आले. माणसांवर फवारणी करू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिल रोजी पत्रक काढून सांगावे लागले. ठिकठिकाणी फवाऱ्यांचे बोगदे उभारले गेले, त्यांच्यापुढे फिती कापल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्यातच सांगितले होते की रस्ते आणि बाजार फवारण्याचा उपयोग नाही, कारण धूळ आणि मळ यांत जंतुनाशक वाया जाते. मळ आधी धुवायचा आणि जंतुनाशक नंतर लावायचे, हे कोणत्याही जुन्या परिचारिकेला ठाऊक असते. त्याच काळातली एक गोष्ट मात्र नोंदविण्यासारखी आहे. सॅनिटायझरचा काळा बाजार होऊ लागताच मार्च २०२० मध्ये सरकारने २०० मिलिलिटरला १०० रुपये ही कमाल किंमत ठरवून दिली, आणि महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी आपल्या आसवनींतून अल्कोहोल वळवून सॅनिटायझर बनविले. उत्पादनाची दिशा गरजेनुसार बदलता येते. फक्त तशी इच्छा साथ येईपर्यंत होत नाही.

कार्यकर्त्यांनी या विषयाचे करायचे काय? घरोघर जाऊन बाटल्या फोडायच्या नाहीत. रुग्णालयाला, दवाखान्याला, बाळंतिणीच्या खोलीला जंतुनाशक लागणारच, आणि तेथे ते पूर्ण मात्रेत, ठरावीक वेळ, योग्य तेच वापरले जावे असा आग्रह हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रातील आणि तालुक्याच्या रुग्णालयातील सफाईच्या कंत्राटात द्रव्याचे नाव, प्रमाण आणि कामगारांचे प्रशिक्षण या तीन बाबी लिहिलेल्या आहेत का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. कामगार संघटनांनी वेतनाच्या मागणीशेजारी ही मागणी ठेवली तर ती कामगाराच्या फुप्फुसांसाठीही हिताची आहे: क्लोरिनच्या भुकटीत आम्ल मिसळले की विषारी वायू निघतो, हे न सांगताच माणसे कामाला लावली जातात. सांडपाण्याच्या तपासणीत आज आम्लता, तरंगते घटक, प्राणवायूची मागणी असे आकडे मोजले जातात. प्रतिजैविकांचा अंश मोजण्याची सक्ती नाही. २०२० चा मसुदा पुन्हा आणण्याची मागणी औषधांचे कारखाने असलेल्या तालुक्यांतून उठली नाही तर ती उठणार कोठून?

आणि घरात साबण, पाणी, ऊन, उकळलेले फडके. पिण्याच्या पाण्यातील क्लोरिन मात्र कमी होता कामा नये. जंतुनाशकांचा अतिरेक टाळा या सल्ल्याचा विपर्यास होऊन उद्या कोणी ग्रामपंचायत विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकणे थांबवील, तर काविळीने आणि जुलाबाने माणसे मरतील. शिवाय जुलाब झालेल्या प्रत्येक मुलाला प्रतिजैविकाची बाटली दिली जाईल ती वेगळीच. निर्जंतुक केलेले पाणी हा प्रतिजैविकांचा वापर कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो. दमट खोलीत, उघड्या तोंडाच्या पोत्यात ती महिनोन्महिने पडली की तो उडून जातो आणि पाण्यात नुसता चुना पडतो. घरच्या नळाला पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला असला पाहिजे. ओ.टी. चाचणीच्या नळीत पाणी पिवळे झाले की तो आहे, न झाले की नाही, इतकी ही परीक्षा सोपी. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत, चावण्यापासून आपट्यापर्यंत प्रत्येक गावात, सरपंचांना विचारावे: टी.सी.एल.ची पोती कोणत्या महिन्यात आली, ती कुठे ठेवली आहेत, आणि ठाकरवाडीच्या शेवटच्या नळावर ओ.टी. चाचणी गेल्या वेळी कोणत्या तारखेला घेतली?